साडेसातचे चाटण

१ ऑक्टोबर, सोमवार

माझ्या नातीने १९ सप्टेंबर रोजी आपल्या परिचर्या महाविद्यालयास लिहून दिलेला घटना-अहवाल आज चष्मा पुसून दोनदा वाचला. वाक्ये आटोपशीर आहेत, अक्षर पूर्वीपेक्षा बरे आहे, परिच्छेद जेथे पाडावयास हवेत तेथेच पाडले आहेत. मजकूर मात्र खोटा आहे. 'माझ्या आजीच्या कपाळास तीन टाके पडले, त्यास कारण झालेल्या चुकीला मी एकटी जबाबदार आहे,' असे त्यात नमूद आहे. ती चूक ज्या वेळी दररोज घडत होती, त्या वेळी, रविवार सोडता, ही मुलगी रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर परक्या माणसांच्या चादरी बदलत होती.

तिच्या शिक्षिकाबाईंनी माझ्याकडून लेखी दुरुस्ती मागितली आहे. मुद्रणालयात चाळीस वर्षे मुद्रितशोधक म्हणून काढलेल्या माणसास दुरुस्ती लिहिणे अवघड जाऊ नये, मला गेले. म्हणून माझ्या दैनंदिनीतील सप्टेंबरच्या नोंदीच खाली उतरवून काढीत आहे. जेथे मी शहाणा दिसतो आणि जेथे दिसत नाही, तेथे काहीही बदललेले नाही. काही ओळी खाजगी आहेत. त्या वर्गातील मुलींसमोर वाचू नयेत, अशी विनंती बाईंना करणार होतो. सौ. म्हणाली, "वाचू देत की. त्यांनाही पुढे नवरे असणार आहेत." म्हणून ठेवल्या.

३ सप्टेंबर, सोमवार

डॉक्टरांनी सौ.ची रक्तदाबाची गोळी शनिवारी बदलून दिली. ती आजपासून सुरू. रोज सकाळी एक, तीस मिलिग्रॅम. दुकानदाराने मोठ्या पट्टीतून कात्रीने कापून दिल्या. सोबतचा छापील कागद दिला नाही. मी मागितला, तर म्हणाला, "त्यात काय वाचायचंय काका? सकाळी एक घ्यायची, झालं."

पहिलीच गोळी सौ.च्या घशात अडकली. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आले. गोळी बाहेर पडली तेव्हा सौ. पांढरीफटक झाली होती. "अहो, नको मला ती. त्यापेक्षा रक्तदाब परवडला."

ती वेलची कुटते तो लहान खलबत्ता मी काढला, धुतला, कोरडा केला. दुसरी गोळी कुटून, वस्त्रगाळ करून, मधाच्या चमच्यात कालवली. गोळी विलक्षण चिवट निघाली. अकरा मिनिटे लागली. चमचा तिच्यापुढे धरला. तिने तो हातात घेण्याऐवजी तोंडच पुढे केले, तेव्हा भरवावे लागले. वेळ बरोबर साडेसात.

"कडू आहे हो."

"औषध आहे."

४ सप्टेंबर, मंगळवार

चाटण साडेसातला. विनातक्रार.

संध्याकाळी नात दोन पिशव्या आणि एक बादली घेऊन आली. वसतिगृहाच्या छताची दुरुस्ती चालू आहे. परीक्षा होईपर्यंत आमच्याकडे राहील. सौ. तिला खारूताई म्हणते, कारण लहानपणी ही मुलगी नावडता घास गालात साठवून तासभर हिंडत असे. मी टोपणनावांच्या विरुद्ध आहे.

औषधशास्त्रात ती एकदा नापास झालेली आहे. २६ तारखेस प्रात्यक्षिक परीक्षा. या खेपेस राहिली तर वर्ष जाईल. तिची वही मागून घेतली. 'गोळी, बाण, पोट, बाण, यकृत, बाण, रक्त, बाण, लघवी.' दोन पृष्ठांत एकही क्रियापद नाही. "अगं, हे टिपण आहे की तिरंदाजी?" असे विचारले. ती म्हणाली, "आजोबा, सर इतक्या भरभर बोलतात की क्रियापद येईपर्यंत पुढची गोळी आलेली असते."

संपूर्ण वही मी स्वच्छ, पूर्ण वाक्यांत उतरवून देण्याचे कबूल केले.

५ सप्टेंबर, बुधवार

ती पावणेसातला रुग्णालयात जाते, तीनला परतते. आल्यावर ती सांगते आणि मी लिहितो, अशी पद्धत ठरली.

आज औषध देण्याचे पाच नियम झाले: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. हे पाचही नियम या घरात कोणी न शिकवता पाळले जातात, हे मी तिच्या निदर्शनास आणले. वेळेच्या बाबतीत तर मिनिटाचाही फरक नाही.

त्यानंतर गिळलेल्या औषधाचा प्रवास. पोटातून आतड्यांत, तेथून यकृतात, आणि तेथून जे उरेल ते रक्तात. मी विचारले, "जे उरेल ते, म्हणजे काय?"

"यकृत अगदी तुमच्यासारखं आहे आजोबा. समोर येईल त्यातलं निम्मं खोडून टाकतं आणि मग उरलेलं पुढे जाऊ देतं."

सौ. इतकी हसली की तिला उचकी लागली. उदाहरण अनादराचे आहे, परंतु चपखल आहे. वहीत घेतले नाही.

'अर्धायुकाल' हा शब्द मला फार आवडला. रक्तातील औषध निम्मे होण्यास लागणारा काळ. निम्मे, मग त्याचे निम्मे, मग त्याचेही निम्मे. पूर्ण संपले असे कोणी खात्रीने म्हणत नाही.

८ सप्टेंबर, शनिवार

सकाळी ८.२० वाजता सौ. मटार सोलता सोलता भिंतीला टेकून बसली. चेहरा लालबुंद, छातीत धडधड, "सगळं फिरतंय हो." अर्ध्या तासाने बरी झाली. वेळ टिपून ठेवली.

रात्रीच्या जेवणात तिने हे नातीला सांगून टाकले. नातीने घास खाली ठेवला. "आजोबा, चक्कर रोज येते? केव्हा येते? गोळी घेतल्यावर किती वेळाने?"

मी म्हणालो, वयपरत्वे अशा गोष्टी होतात. तिने आधी चौथे प्रकरण पाठ करावे, मग आजीची तपासणी. तिने मान खाली घालून घास उचलला. थोडे कठोर बोललो का? परंतु वर्ष तिचे जाणार आहे, माझे नव्हे.

९ सप्टेंबर, रविवार

नातीस सुट्टी. केस विंचरत आमच्या खोलीच्या दारात आली, तेव्हा मी सौ.स चमचा भरवीत होतो. सौ.ने चमचा नीट चाटून पुसून माझ्या हातात परत दिला.

"वा आजोबा! सकाळी सकाळी मध! आणि तोही हाताने!"

मला फार संकोच झाला. सौ. म्हणाली, "तू जा गं, चहा टाक." नात हसत हसत गेली. स्वयंपाकघरातून तिचे गुणगुणणे बराच वेळ ऐकू येत होते.

१० सप्टेंबर, सोमवार

सौ.स डॉक्टरांकडे नेले. रोज ठरलेल्या वेळी, म्हणजे सकाळी सव्वासातला, गोळीपूर्वी मोजलेल्या रक्तदाबाचा तक्ता दाखवला. तांबड्या-निळ्या शाईत, रेघा आखून. डॉक्टर म्हणाले, "असा तक्ता माझ्या मदतनिसांनाही जमत नाही." मग कपाळाला आठ्या घालून आकडे पाहिले. १६८, १६४, १७०. "गोळी नियमित घेतात ना?"

"एकही दिवस चुकलेला नाही."

"मग ही कमी पडतेय." मात्रा साठ मिलिग्रॅम केली. चकरांविषयी सौ. काही बोलू लागली होती. परंतु बाहेर पंधरा माणसे खोळंबली होती, आणि मीच तिला 'चल' म्हणालो.

१२ सप्टेंबर, बुधवार

नवी गोळी आणखी टणक आहे. खलबत्त्यात एकोणीस मिनिटे. मनगट दुखते. कालची चक्कर ८.१५ वाजता.

दुपारी वहीचे सहावे प्रकरण उतरवले. गोळ्यांचे प्रकार. मुलीने लिहिले होते, 'स्लो वाली क्रश नको, डेंजर.' मी त्याचे असे वाक्य केले: 'ज्या गोळ्या शरीरात चोवीस तास हळूहळू विरघळाव्यात अशा रीतीने घडविलेल्या असतात, त्या फोडू, चावू अथवा चुरू नयेत, अन्यथा दिवसभराचे औषध एकाच वेळी रक्तात उतरून रुग्णाच्या जिवास धोका संभवतो.' वाक्य वाचून पाहिले. तोलदार झाले आहे.

मुद्रणालयात नवशिक्यास पहिली शिकवण हीच देत असू, की अर्थात गुंतू नये. अर्थ वाचू लागलेला डोळा अक्षर चुकवतो. हजारो पृष्ठे मी अशीच वाचली आणि त्यांत काय लिहिले होते हे आज मला सांगता येणार नाही. परंतु चूक एकही राहिली नव्हती. हात अजून तसाच चालतो, याचा आनंद झाला.

१५ सप्टेंबर, शनिवार

आलेख काढला. आडव्या रेषेवर तास, उभ्या रेषेवर रक्तातील औषधाचे प्रमाण. साध्या गोळीची रेघ तासाभरात कड्यासारखी वर चढते आणि तशीच उतरते. हळूहळू विरघळणाऱ्या गोळीची रेघ लांबवर सपाट जाते. खाली रेघांची सूची, वर शीर्षक. नातीने तो दोन्ही हातांत धरून पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, आत्ता कळलं मला! वर्षभरात कोणी असं दाखवलंच नाही."

सौ. खांद्यावरून डोकावली. "हा उंट आणि ही निजलेली म्हैस. एवढंच ना?"

नात म्हणाली, "आजी, तू परीक्षेला बस. मी आजोबांना सांभाळते."

असे दिवस या घरात फार वर्षांनी आले. सौ. लवकर थकते, एवढेच. १३ रोजी ८.२५, काल व आज ८.२० वाजता चक्कर.

१७ सप्टेंबर, सोमवार

सकाळी ८.२० वाजता सौ. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर कोसळली. कपाळ ओट्याच्या कडेस लागले. तीन टाके. रक्तदाब ८२ आणि ४८. नातीच्याच रुग्णालयात दाखल केले. नात तिसऱ्या मजल्यावरून धावत आली. हातात कोणाचा तरी तापमापक तसाच होता.

आज एवढेच.

१८ सप्टेंबर, मंगळवार

क्रमाने लिहितो.

दुपारी सौ. झोपली होती. नात स्टुलावर बसून माझी दैनंदिनी आणि रक्तदाबाचा तक्ता चाळीत होती, कारण रुग्णालयातील डॉक्टरांनी मागील पंधरा दिवसांची माहिती मागितली होती. मग तिने वहीतून माझा आलेख काढला आणि त्यावर शिसपेन्सिलीने लहान फुल्या मारू लागली. मी म्हणालो, "आलेख खराब करू नकोस." ती थांबली नाही. त्या चकरांच्या वेळा होत्या. सगळ्या फुल्या कड्याच्या टोकावर पडत होत्या. सपाट रेघेवर एकही नाही.

"आजोबा," ती अगदी हळू म्हणाली, "आजी गोळी गिळते ना?"

मी सर्व सविस्तर सांगितले. खलबत्ता, वस्त्रगाळ, मध, साडेसात. पहिल्या दिवशी अकरा मिनिटे, नंतर एकोणीस. सांगता सांगता माझेच शब्द मला ऐकू येऊ लागले. सहाव्या प्रकरणातले माझे वाक्य मला पाठ होते. ते मीच तोलून पाहिले होते.

नातीच्या ओठांवरचा रंग गेला. "म्हणजे चोवीस तासांचं औषध तासाभरात. आणि पहाटेपर्यंत सगळं संपलेलं, म्हणून सव्वासातला दाब चढलेला. म्हणून डॉक्टरांनी वाढवलं. आणि म्हणून..." तिने वाक्य पूर्ण केले नाही. आयुष्यात प्रथमच मी तिला ते पूर्ण करावयास सांगितले नाही.

इतक्यात डॉक्टर आले. तिने त्यांना आलेख दाखवला आणि गोळी चुरून दिली जात होती, असे सांगितले. त्यांचा आवाज चढला. "ही गोळी चुरली? कोणी चुरली?"

मी उठून उभा राहिलो. तोंड उघडले.

"मी, सर," नात म्हणाली. "मीच देत होते."

"तू? नर्सिंगची विद्यार्थिनी?" यापुढे ते जे बोलले ते येथे लिहिणार नाही. मी उभाच होतो. तोंडही बहुधा उघडेच होते.

१९ सप्टेंबर, बुधवार

शिक्षिकाबाईंनी तिला औषधे देण्यास बंदी केली आहे. घटना-अहवाल लिहून घेतला. चौकशी पूर्ण होईपर्यंत प्रात्यक्षिक परीक्षेस बसता येणार नाही.

मी का बोललो नाही, याची कारणे आज सकाळी मांडली होती. एक, डॉक्टर रागावलेले होते. दोन, सौ. जागी झाली असती. तीन, नात स्वतःहून बोलली. वाचून पाहिली आणि तिन्ही खोडली. खरे कारण एकच. चाळीस वर्षांत माझ्या हातून चूक सुटली नाही, असे सर्व जण म्हणत आले, आणि त्या खोलीत उभा असताना मला ते गमवावयाचे नव्हते. कपाळावर पट्टी बांधून माझी पत्नी निजलेली होती आणि मला ते गमवावयाचे नव्हते.

संध्याकाळी नातीने मला जेवावयास वाढले. "भात थोडा पचपचीत झालाय आजोबा," म्हणाली. मी म्हणालो, "नाही, चांगला आहे." पचपचीत होता.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

सौ. आज उशीला टेकून बसली. रक्तदाब १३४. मला म्हणाली, "बसा इकडे. तोंड असं का केलंय? टाके मला पडलेत."

मी तिला सर्व सांगितले. डॉक्टरांनी विचारले तेव्हा कोण बोलले आणि कोण बोलले नाही, तेही.

ती म्हणाली, "पोरीने तुमच्यासाठी केलं. तुम्ही तिला करू दिलंत."

"होय."

"बरं. मग माझंही ऐका. तुम्हांला एकट्याला मिरवायला नको सगळं." तिने माझी बाही धरली. "मला गोळी गिळता येत होती."

मला समजले नाही.

"पहिल्या दिवशी अडकली ती अडकली. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकेदुखीची गोळी मी गटकन गिळली. तुम्ही बाहेर होतात. पण सकाळी तुम्ही पुन्हा खलबत्ता घेऊन बसाल म्हणून मी काही बोललेच नाही."

"परंतु का?"

"का म्हणजे? पन्नास वर्षांत तुम्ही मला कधी भरवलंय? माझी चिठ्ठीसुद्धा दुरुस्त करून परत द्यायचात तुम्ही. पहाटे उठून माझ्यासाठी काहीतरी घोटत बसलाय, मनगट चोळताय, चमच्याला लागलेलं बोटाने पुसताय... मला बरं वाटायचं हो. आवाज यायचा ना खलबत्त्याचा, मी जागीच असायचे. पडून ऐकायचे."

"तू कडू म्हणत होतीस."

"कडू होतंच. कडू जहर."

शेजारच्या खाटेवरील बाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या की काय, ठाऊक नाही. मी पडदा ओढून घेतला. नंतर पडद्याआड काय बोललो, ते नोंदवण्याचे कारण नाही.

२२ सप्टेंबर, शनिवार

सकाळी दहा वाजता परिचर्या महाविद्यालयात गेलो. शिक्षिकाबाई माझ्या मुलीहून लहान असतील. मेजावर रुग्णपत्रिकांचा ढीग, भिंतीवर मोठे घड्याळ, ते चार मिनिटे पुढे. ते मी बोललो नाही.

दैनंदिनी त्यांच्यापुढे ठेवली. "आपल्याकडे आलेल्या अहवालातील मजकूर खोटा आहे. गोळी मी चुरली. पहिल्या दिवसापासून. मुलीस काहीही ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी तेथेच होतो व गप्प राहिलो."

एवढे बोलण्यास मला घरापासून तेथपर्यंत सराव करावा लागला होता.

त्यांनी खुर्ची दिली आणि सर्व नोंदी वाचल्या. बारा तारखेस बराच वेळ थांबल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "काका, आम्ही पाच योग्य शिकवतो. तुमच्या घरी पाचही बरोबर होते की हो. माणूस बरोबर, औषध बरोबर, वेळ तर काय... आणि तरी आजी पडल्या."

"चूक माझी आहे."

"तुमची आहेच. पण दुकानदाराने सांगितलं नाही. डॉक्टरांनी 'नियमित घेता का' विचारलं, 'कशी घेता' असं विचारलं नाही. तुम्ही खरं तेच उत्तर दिलंत." त्यांनी नऊ तारखेचे पान उघडले. "आणि मुलीने चमचा पाहिला आणि तिला वाटलं, प्रेम आहे."

"तेही होते," मी म्हणालो. कसे म्हणालो, कोणास ठाऊक.

बंदी उठवतो म्हणाल्या. "पण तुमच्या नातीला मी सोडणार नाही. औषधाबद्दल नाही, खोटा अहवाल लिहिल्याबद्दल. एकाने चूक लपवली की पुढचा रुग्ण त्याच ओट्यावर पडतो. हे तिला पहिल्या वर्षी शिकवलंय." मग दैनंदिनीवर हात ठेवून त्यांनी विचारले, "हे वर्गात वाचलं तर चालेल? लेखी दुरुस्तीसोबत द्याल?"

घरी आल्यावर नात माझ्यावर खेकसली. "कशाला सांगितलंत? मी निभावून नेलं असतं!"

"का बोललीस तू त्या दिवशी?"

तिने नाक पुसले. "तुमचं तोंड बघवेना. तुम्ही कधी चुकत नाही ना आजोबा. तुम्हांला सवय नाही. मला आहे."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणालो, "खारूताई, भात खरोखरच पचपचीत झाला होता."

२४ सप्टेंबर, सोमवार

सौ. काल घरी आली. औषध बदलले आहे: लहान गोळी, दिवसातून दोनदा, अख्खी गिळावयाची. खारूने स्वतः दाखवले: मान थोडी पुढे, आधी एक घोट, मग गोळी, मग पुन्हा घोट. सर्व अकरा सेकंदांत उरकले.

त्यानंतर आम्ही दोघे समोरासमोर बसून राहिलो. त्या वेळेचे काय करावे, हे दोघांनाही कळेना. शेवटी ती म्हणाली, "वर्तमानपत्र वाचा तुमचं."

२६ सप्टेंबर, बुधवार

खारूची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. संध्याकाळी आली ती बुटांसकट आडवी झाली. सौ.ने बूट काढले. जाग आल्यावर तिने सांगितले की, परीक्षकांनी तिला एका आजोबांपाशी उभे केले आणि औषध द्यावयास सांगितले. तिने पाच नियम म्हटले नाहीत. आधी विचारले, "आजोबा, घरी गोळ्या कशा घेता? करून दाखवा बरं." त्यांनी गोळी दातांखाली धरून कडकन चावली. तीही हळू विरघळणारी होती.

"मग?"

"मग परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. आणि मी रडले. गुण दिले की कापले, देव जाणे."

२९ सप्टेंबर, शनिवार

उत्तीर्ण. गुण बाहत्तर. मी म्हणालो, अठ्ठावीस कोठे गेले? दोघींनी माझ्याकडे एकदमच पाहिले. तो विषय तेथेच संपवला.

सकाळी साडेसातला सौ.ने गोळी गिळली, पेला माझ्या हातात दिला आणि हात तसाच पुढे ठेवला.

"अहो, चमचा?"

१ ऑक्टोबर, सोमवार (पुढे)

नोंदी उतरवून झाल्या. आता अहवालातील तारखांची दुरुस्ती.

'गोळी ५ सप्टेंबरपासून चुरण्यात आली.' ३ सप्टेंबरपासून. चुरणारा मी.

४ सप्टेंबर. अहवालात ही तारीख नाही. या दिवसापासून रुग्णास गोळी गिळता येत होती. रुग्णाच्या आग्रहावरून नमूद केले.

८ सप्टेंबर. ही तारीखही नाही. या दिवशी विद्यार्थिनीने योग्य प्रश्न विचारला होता. तिला गप्प बसविण्यात आले.

'१० सप्टेंबर रोजी मात्रा वाढविली.' तारीख बरोबर. वाढ माझ्या तक्त्यामुळे झाली. तक्त्यात एकही आकडा चुकीचा नव्हता.

१२ सप्टेंबर. चुरू नये हा नियम या दिवशी माझ्या हस्ताक्षरात, माझ्याच मेजावर होता.

'१७ सप्टेंबर, सकाळी पावणेनऊ.' ८.२०.

'१८ सप्टेंबर रोजी चूक कबूल केली.' त्या दिवशी ज्याची चूक होती त्याने कबूल केली नाही. कबुली २२ सप्टेंबर, सकाळी दहा. चार दिवस उशिरा.

'मधाचे चाटण १८ सप्टेंबरपासून कायमचे बंद.' हे वाक्य वगळावे. चाटण २९ सप्टेंबरपासून पुन्हा चालू आहे. दररोज, सकाळी साडेसात, गोळी अख्खी गिळून झाल्यावर. त्यात कोणतेही औषध नाही.